दुनळीला कुठलं तेल? स्वयंपाकघरातलं, शिलाई मशीनचं की गाडीचं

शेतराखणीसाठी परवान्यावर घेतलेली बारा बोअरची दुनळी बंदूक वर्षाकाठी मोजून पाच-दहा बार काढते. उरलेले साडेतीनशे दिवस ती कपाटात उभी असते. त्यामुळे तिला वंगण किती लागतं यापेक्षा गंज कसा लागू द्यायचा नाही, हा प्रश्न मोठा. चालत्या यंत्राचं तेल निवडणं सोपं असतं, ते दर आठवड्याला पुन्हा घालता येतं. बंदुकीला लावलेलं तेल मात्र महिनोन्महिने तसंच राहतं, आणि त्या काळात त्याचं काय होतं यावर सगळं अवलंबून असतं.

बंदुकीचं खास तेल तालुक्याच्या गावी मिळत नाही, मिळालं तर महाग पडतं. मग हात जातो फडताळाकडे. तिथल्या बाटल्यांपैकी निम्म्या कामाच्या आहेत, निम्म्या नुकसान करणाऱ्या.

खाद्यतेल लॉकमध्ये नको

खाद्यतेल हवेतला ऑक्सिजन शोषून हळूहळू घट्ट होतं. शेगडीमागच्या फरशीवर तेलाचे शिंतोडे वाळून जो पिवळा चिकट थर बसतो, तोच थर बंदुकीच्या आत बसतो. तेल किती लवकर वाळणार याचा अंदाज त्याच्या आयोडीन मूल्यावरून येतो. खोबरेलाचं हे मूल्य साधारण 6 ते 11, शेंगदाणा तेलाचं नव्वदीच्या आगेमागे, सूर्यफुलाचं सव्वाशेच्या वर आणि जवसाचं 170 च्याही पुढे. आकडा जितका मोठा, तितकी साय लवकर धरते. करडईचं तेल सूर्यफुलाच्याही वर. करडईचं तेल उकळून रोगण करायची पद्धत जुनी आहे, आणि ‘रोगण’ हा शब्दच मुळात फारसीत तेलासाठी आहे. लॉकमध्ये, म्हणजे बार उडवणाऱ्या आतल्या यंत्रणेत, करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल सोडणं म्हणजे आतून रोगण मारणं.

याचा परिणाम बार काढताना कळतो. घोडा किंवा आतला स्ट्रायकर (काडतुसावर आदळणारी पिन) चिकटून मंद पडतो, काडतुसाच्या बुडाला ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर उथळ खळगा पडतो आणि बार फुसका जातो. असं झालं तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान 30 सेकंद तशीच ठेवा, लगेच उघडू नका. बार उशिरा सुटण्याची शक्यता असते.

खोबरेल वाळत नाही म्हणून ते बरं, असं पुष्कळांना वाटतं. ते वाळत नाही हे खरं. पण साधारण 24-25 अंशांखाली ते गोठतं, आणि पौषातल्या पहाटे, नेमकी रानडुकरं ऊसात उतरतात त्या वेळी, सेफ्टीचा खटका लोण्यात रुतल्यासारखा होतो. शिवाय खवट झालं की त्यात आम्ल तयार होतं. नळीच्या टोकाला नेमासाठी असलेल्या पितळी मण्याच्या माशीभोवती हिरवट कड दिसली तर ती याच आम्लाची. वासाला मुंग्या आणि झुरळं येतात ते वेगळंच. तळून उरलेलं तेल तर कुठल्याच भागाला नको. त्यात पाण्याचा अंश आणि मीठ असतं, आणि मीठ पोलादाला काय करतं हे समुद्रकाठच्या माणसाला सांगायला नको.

खाद्यतेलाला एकच मानाची जागा आहे, ती तोंडाकडून बारूद ठासून भरायच्या, म्हणजे ठासणीच्या बंदुकीत. काळ्या दारूची, म्हणजे तिथल्या बारुदीची, राख खनिज तेलात मिसळली की डांबरासारखा कठीण थर होतो, वनस्पती तेलात ती मऊ राहते. म्हणून ठासणीच्या नळीत बार काढायच्या दिवशी चिंधीला एरंडेल किंवा खोबरेल चालतं. पण बार संपला की त्याच दिवशी नळी गरम पाणी आणि साबणाने धुवायची. काळ्या दारूच्या राखेतले क्षार हवेतलं पाणी ओढतात, आणि तेल क्षार विरघळवत नाही, पाणी विरघळवतं. धुतल्यावर नळी हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्याने शेवटचा हात द्यायचा, म्हणजे ती आपोआप सुकते. मग खनिज तेल. वरून तेल फासून आत क्षार तसेच ठेवले तर तेलाखाली गंज धरतो, आणि तो दिसतो तेव्हा नळीला खड्डे पडलेले असतात.

जवसाचं तेल लाकडासाठी राखून ठेवा. अक्रोडाच्या कुंद्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे चार-पाच थेंब तळहाताने घासून चोळायचे, तासाभराने उरलेलं पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. फक्त चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या तेलातून उष्णता निघते आणि चुरगाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

कामाच्या बाटल्या

शिलाई मशीनचं तेल स्वच्छ आणि पातळ असतं, वाळत नाही, गोठत नाही. सेफ्टीचा खटका, चापाची पिन, वरच्या लिव्हरचा सांधा इथे ते उत्तम. त्याची अडचण एवढीच की ते टिकत नाही. पसरत, ओघळत दोन-तीन आठवड्यांत पातळ होऊन जातं आणि पावसाळ्यात नळीचं रक्षण त्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन फारसं कुणाला आठवत नाही. बद्धकोष्ठावर मिळतं तेच, पण साधं घ्या, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ते. हे शुद्ध पांढरं खनिज तेल, शिलाई मशीनच्या तेलापेक्षा थोडं दाट, वास नाही, लाकडाला आणि चामड्याला त्रास नाही. 100 मिलीची बाटली दोन-तीन वर्षं पुरते. बाळाच्या अंगाला लावायचं बेबी ऑइल बहुतेक याच जातीचं असतं, फक्त त्यात सुगंध घातलेला असतो.

मोटारसायकलचं नवं 20W-40 इंजिन ऑइल नळीच्या बाहेरून-आतून लावायला आमच्या मते घरातलं सगळ्यात चांगलं. त्यात गंजरोधक आणि झीज कमी करणारी द्रव्यं मुळातच घातलेली असतात आणि ते पातळ तेलासारखं पळत नाही. नवं म्हणजे नवंच. गाडीतून काढलेल्या काळ्या तेलात काजळी, धातूचा कीस, पाणी आणि आम्ल असतं. गॅरेजमधून फुकट मिळतं म्हणून आणू नये. 90 नंबरचं गिअर ऑइलही टाळा, दाट आहे आणि त्यातल्या गंधकाच्या द्रव्यांचं पितळेशी जमत नाही.

पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) तेल पातळ, गंजरोधक आणि चांगलं वंगण. त्यापासून नळी साफ करायचं मिश्रणही होतं. अमेरिकेत सी. ई. ‘एड’ हॅरिस यांच्या नावाने ‘एड्स रेड’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या कृतीत एटीएफ, रॉकेल, टर्पेंटाइनसारखं पातळ द्रावक आणि ॲसिटोन हे चारही समभाग आहेत. ॲसिटोन कुंद्याचं पॉलिश उतरवतं, म्हणून घरी ते वगळून बाकीचे तीन प्रत्येकी 50 मिली घेतले तरी दुनळीला पुरतं. काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट, चुलीपासून लांब. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालतं, वास मात्र आठवडाभर जात नाही. पेट्रोल वापरू नका.

डब्ल्यूडी-40 ला वंगण म्हणणं हा गैरसमज आहे. 1953 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला ते तयार झालं ते पाणी हटवण्यासाठी, नावातले डब्ल्यू आणि डी (वॉटर डिस्प्लेसमेंट) तेच सांगतात. भिजलेल्या बंदुकीवर आधी ते मारा, पुसा, मग खरं तेल लावा. त्यातला पातळ भाग उडून गेल्यावर मागे राहतं ते फारच थोडं.

ग्रीसमध्ये ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस, दुकानात एमपी-3 म्हणून मिळतं ते, पुरेसं आहे. व्हॅसलिन लांबच्या साठवणीला चांगलं, पण उन्हात तापलेल्या पत्र्याखाली ते वितळून खाली उतरतं. जुनं ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय नवं लावू नका. वेगवेगळ्या जातीची ग्रीसं एकत्र आली की कधी पातळ होतात, कधी खडखडीत.

लावायचं कसं

आधी बंदूक उघडा आणि दोन्ही चेंबर डोळ्यांनी पाहा, करंगळी घालून तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. तेलाच्या हातांनी काडतूस धरायचं नाही. पातळ तेल टोपीच्या कडेने आत झिरपलं तर बार मरतो किंवा अर्धवट पेटतो, आणि अर्धवट बाराने नळीत अडकलेला डाट (काडतुसातला दारू आणि छऱ्यांमधला बोळा) पुढच्या बाराला नळी फाडतो.

नळ्यांखालचा पुढचा लाकडी दस्ता काढा, नळ्या उतरवा. चिंध्यांसाठी जुना सुती बनियन उत्तम, पाच सेंटिमीटरचे चौकोन कापा. बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे 18.5 मिमी असतो, त्याला दुमडलेला असा चौकोन गजावर घट्ट बसतो. गज नेहमी चेंबरकडून तोंडाकडे. मिश्रणात भिजवलेली एक चिंधी फिरवून दहा मिनिटं थांबा, ब्राँझचा ब्रश आठ-दहा वेळा मारा, मग चिंधी पांढरी निघेपर्यंत कोरड्या चिंध्या. चेंबरच्या पुढे निघणारे राखाडी पापुद्रे म्हणजे प्लास्टिकच्या डाटाचे अवशेष. चिंधीवर शिसंही येतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

तेल थेंबानेच घाला. सुई काढलेली इन्सुलिनची सिरिंज यासाठी फार सोयीची. सेफ्टीच्या खटक्याला एक थेंब, वरच्या लिव्हरला एक, एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) दांडीला एक. बिजागरीच्या पिनला आणि दस्त्याच्या लोखंडी कमानीला तुरीच्या डाळीएवढं ग्रीस, नळीखालच्या लगांना (नळी अडकवणाऱ्या पोलादी उंचवट्यांना) मोहरीएवढं. बंदूक तीन-चार वेळा उघडून मिटा, बाहेर आलेलं पुसून टाका. पुसून आलं तेवढं तेल जास्तच होतं असं समजा. लॉक उघडायचा मोह आवरा, ते काम परवानाधारक गनस्मिथचं.

नळीला बाहेरून इंजिन ऑइलची चिंधी फिरवा, इतकी की बोट लावलं तर ठसा उमटेल पण थेंब ओघळणार नाही. दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या खाचेत कापूस गुंडाळलेली काडी फिरवा, गंज तिथेच आधी सुरू होतो. त्यानंतर उघड्या हाताने नळी धरू नका. घामातलं मीठ रात्रीतून बोटांचे ठसे उमटवतं, आणि आषाढात हे अक्षरशः दिसतं.

गंजाचे तांबूस ठिपके आलेच असतील तर तेलात भिजवलेला सगळ्यात बारीक, 0000 नंबरचा स्टील वूल हलक्या हाताने फिरवा. चिंच, लिंबू, व्हिनेगर अजिबात नको. तांब्या-पितळेच्या भांड्यांची सवय बंदुकीवर चालवली की गंजाबरोबर नळीचा निळसर-काळा मुलामाही उतरतो आणि उघडं पोलाद आणखी वेगाने गंजतं.

ठेवायची कशी

चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत कायमची ठेवू नका, खोळ दमट हवा धरून ठेवते. कपाटात उभी करताना नळीचं तोंड खाली करा. तोंड वर असलं की नळीतलं जादा तेल लॉकमधून उतरून कुंद्याच्या मानेत मुरतं, लाकूड काळं आणि पिठूळ होतं आणि दहा-पंधरा वर्षांनी त्याच जागी तडा जातो. जुन्या दुनळ्यांचा कुंदा मानेशी मोडतो त्याचं एक मोठं कारण हे.

जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी चिंधी फिरवा, एरवी दोन महिन्यांनी चालतं. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर महिना-दीड महिना तिला कुणी पुसणार नाही असं गृहीत धरा. त्या वेळी नळीला आतून-बाहेरून व्हॅसलिनचा किंवा एमपी-3 ग्रीसचा पातळ हात मारा आणि बंदुकीला तशी चिठ्ठी बांधा: ‘नळीत ग्रीस आहे’. परत आल्यावर नळी कोरडी लख्ख केल्याशिवाय काडतूस घालायचं नाही. ग्रीसचा गोळा नळीत असताना बार काढला तर दाबाला वाट मिळत नाही आणि नळी फुगते. साध्या तेलाच्या बाबतीतही बाराआधी एक कोरडी चिंधी आरपार गेलीच पाहिजे.

हातात आलेल्या बाटलीची खात्री नसेल तर बंदुकीवर प्रयोग करू नका. चार साधे लोखंडी खिळे घ्या, पॉलिश पेपरने चकचकीत घासा, एकेकाला वेगळं तेल लावून पुसा, एक कोरडा ठेवा. मिठाच्या पाण्याचा हलका फवारा मारून न्हाणीघराच्या खिडकीत ठेवा. कोरडा खिळा दुसऱ्या दिवशीच लाल होतो, बाकीच्यांमधला फरक आठवड्यात दिसतो. शेजारी काचेच्या तुकड्यावर त्याच तेलांचा एकेक थेंब पसरून ठेवा आणि महिन्याने नखाने खरवडून पाहा. नख ज्या थेंबावर अडकेल, ती बाटली परत स्वयंपाकघरात जाऊ द्या.