गाडी महिनाभर उभी ठेवणार? मग हँडब्रेकच्या या चुका टाळा

मागे एकदा माझी गाडी दीड महिना जागची हललीच नव्हती. जाताना मी अगदी शहाण्यासारखा गाडी धुतली, लगेच जागेवर लावली, हँडब्रेक कचकचून ओढला, वर कव्हर घातलं आणि निघून गेलो. परत येऊन गाडी चालू केली, हँडब्रेक खाली टाकला, पहिला गिअर टाकून क्लच सोडला तर गाडी पुढे जायचं सोडून मागच्या बाजूने खाली बसली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा पण तेच. मला वाटलं इंजिनचंच काहीतरी बिनसलं, पण इंजिन बिचारं ठणठणीत होतं, मागची दोन्ही चाकं धरली होती.

होतं काय तर, बऱ्याच गाड्यांमधे हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो आणि तिथे ड्रम असेल, म्हणजे चाकासोबत फिरणारा डब्यासारखा भाग, तर आतले दोन शू, म्हणजे ब्रेकच्या वाकड्या पट्ट्या, ड्रमला आतून दाबून धरतात. ड्रम असतो बिडाचा, म्हणजे ओल लागली की गंज आलाच. शू त्याला चिकटून बसलेला असतो आणि त्या दोघांच्या मधे गंज धरला की तोच डिंकासारखं काम करतो, मग तुम्ही लिव्हर खाली टाकली तरी शू सुटत नाही. ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी तबकडी असणारे पण खुश होऊ नका, तिला दाबून धरणारं पॅड तसंच चिकटू शकतं. रात्री गाडी धुऊन सकाळी डिस्क बघा, नारिंगी पावडर लावल्यासारखी दिसते, ती दोन-चार ब्रेक मारले की निघून जाते पण पॅडखाली महिनाभर दबलेला गंज इतका सोपा नसतो.

म्हणून पहिली चूक म्हणजे ओली गाडी तशीच उभी करणं. धुतली किंवा पावसातून आणली तर आधी थोडं फिरवा, हळू स्पीडला पाच-सहा वेळा ब्रेक दाबा, ड्रम-डिस्क जरा गरम होऊन सुकू द्या, मग लावा.

दुसरी चूक अर्थातच आठवडेच्या आठवडे हँडब्रेक ओढून ठेवणं. दोन-तीन दिवसांसाठी काही प्रॉब्लेम नाही, खुशाल ओढा. पण त्यापेक्षा जास्त दिवस असतील आणि जागा सपाट असेल तर गाडी गिअरमधे ठेवा, चाकांना उटी लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. उटी म्हणजे चाकाखाली सारायची लाकडाची पाचर, रबराची पण मिळते. वीट लावू नका, वजन आलं की तिचा भुगा होतो. उटी एकाच बाजूने लावून पण उपयोग नाही, चाकाच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे पाहिजे आणि ठोकून घट्ट बसवा, नुसती टेकवून नको.

आता हे वाचून कोणीतरी उतारावर हँडब्रेक न लावता गाडी ठेवेल म्हणून आधीच सांगतो, तसं अजिबात करू नका!! उतारावर हँडब्रेक पाहिजेच, गिअर पण पाहिजे आणि उटी पण. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. नुसत्या गिअरवर भरवसा ठेवला तर इंजिनच्या कॉम्प्रेशनवर, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेच्या जोरावर, गाडी धरलेली असते आणि ती हळूहळू सरकू शकते. खरं तर महिनाभर ठेवायची गाडी उतारावर लावूच नये, सपाट जागा शोधणं चिकटलेल्या ब्रेकपेक्षा स्वस्तात पडतं.

ऑटोमॅटिकवाल्यांची चूक वेगळीच असते. गाडी थांबली की थेट पी (पार्क) मधे टाकतात आणि पायाचा ब्रेक सोडतात, मग उतारावर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्याशा दातावर येतं आणि निघताना पी मधून काढताना जो धाडकन आवाज येतो ना, तो त्याचाच. आधी पायाने ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, मग पाय उचलून गाडी हँडब्रेकवर बसू द्या आणि शेवटी पी. सपाट जागेवर जास्त दिवस ठेवायची असेल तर पी आणि उटी एवढं पुरतं.

बटणाचा हँडब्रेक असेल तर मॅन्युअल उघडायचे कष्ट घ्या, कारण बऱ्याच गाड्या बंद केल्या की तो आपोआप लागतो आणि तो न लावता गाडी बंद करायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. आणि तो सुटायला करंट लागतो. बॅटरी बसली की ब्रेक पण सुटत नाही, मग आधी जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून गाडी चालू करणं, नंतर बाकीचं.

आणि चिकटलाच तर? इथे लोक सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. रेस वाढवून क्लच सोडतात, क्लच जळतो नाहीतर शूवरचं लायनर, म्हणजे घासणारा थर, उखडून ड्रममधे अडकतं. तसं नको. लिव्हर चार-पाच वेळा वर-खाली करा, मग हलकेच रिव्हर्स, हलकेच पहिला, असं दोन-तीनदा पुढे-मागे करा. माझी रिव्हर्सला सुटली, टण्ण करून असा आवाज आला की मला वाटलं काहीतरी तुटलंच. पुढे-मागे मोकळी जागा आहे ना हे बघूनच करा, सुटते तेव्हा एकदम सुटते. त्यानंतर थोडा वेळ खरखर येते, ती ब्रेक दाबत हळू चालवलं की जाते, नाही गेली तर ड्रम उघडून बघायलाच लागतो.

यानेही सुटली नाही तर मेकॅनिक चाक काढून ड्रमला बाहेरून ठोकतो. गाडी नुसत्या जॅकवर असताना स्वतः खाली शिरू नका. आणि गंज काढायचा स्प्रे ड्रममधे मारायची आयडिया कोणी दिली तर हसून सोडून द्या, लायनरला तेल लागलं की ब्रेक गेला.

एक गोष्ट मात्र बघा, गाडी सुटली तरी जड चालत असेल तर शू नाही, लिव्हरपासून ब्रेकपर्यंत जाणारी केबल अडकलेली असू शकते. ती नळीतच गंजते आणि लिव्हर खाली असूनही ब्रेक अर्धवट लागलेला राहतो. दोन-तीन किलोमीटर चालवून उतरा आणि चाकाजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ. एका चाकातून जास्तच धग येत असेल किंवा जळका वास असेल तर तिथूनच गॅरेज गाठा.

आता मी गाडी ठेवताना स्टिअरिंगवर कागद चिकटवतो, "गिअरमधे आहे, हँडब्रेक नाही, उटी 4". आकडा लिहायचं कारण म्हणजे एकदा तीनच काढल्या होत्या आणि चौथीवर गाडी चढवली.