दम नेमका कुठे संपतो? व्हीओटू मॅक्स मैदानावर स्वतःच कसा मोजावा

पूर्ण जोर लावून धावताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते मोजणारा आकडा म्हणजे व्हीओटू मॅक्स. तो दर मिनिटाला, शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिलिटर, असा सांगतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला साधारण ३.५ लागतात. तरुण, निरोगी पण खास सराव नसलेल्या पुरुषांत कमाल आकडा बहुधा ४०च्या आसपास असतो, स्त्रियांत थोडा कमी. लांब पल्ल्याचे अव्वल खेळाडू ७०-८०च्या पुढे जातात.

अचूक मोजणी प्रयोगशाळेतच होते. तोंडावर मास्क लावून ट्रेडमिलचा वेग किंवा चढ टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि श्वासातली हवा तपासतात. वेग वाढवूनही ऑक्सिजनचा वापर वाढेनासा झाला की कमाल गाठली. अशी मर्यादा असते, हे ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात मांडलं.

मैदानावर मोजायचं तर अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांची १२ मिनिटांची चाचणी घ्या. छातीत दुखणं, चक्कर, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, किंवा बऱ्याच वर्षांत व्यायामच झाला नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इथे घाई अजिबात नको.

आदल्या दिवशी जड व्यायाम टाळा. चाचणीच्या दिवशी शेवटच्या जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या. सपाट, मोजलेला ट्रॅक निवडा. चारशे मीटरचा असेल तर उत्तम. दहा मिनिटं हळू धावून अंग गरम करा, मग घड्याळ लावा आणि १२ मिनिटांत जमेल तेवढं अंतर कापा. बहुतेकांची पहिली चाचणी सुरुवातीच्या सुसाट वेगामुळे वाया जाते. पहिली दोन मिनिटं हात राखून धावा, शेवटच्या दोन मिनिटांत सगळा जोर लावा. वेळ संपल्यावर एकदम थांबू नका, चालत राहा.

आता गणित. मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करा आणि उत्तराला ४४.७३ने भागा. २,४०० मीटर, म्हणजे सहा फेऱ्या झाल्या असतील तर ४२.४ येतात. हा अंदाज आहे, दशांशावर फार विसंबू नका.

आकडा आला, पण तो तिथेच का अडला? हा प्रश्न मला आकड्याहून मोलाचा वाटतो. वरचा धावपटू ७० किलोचा धरला, तर तो मिनिटाला सुमारे ३ लिटर ऑक्सिजन वापरतो. धमनीतल्या एक लिटर रक्तात साधारण २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि पूर्ण जोरात शरीर त्यातला सुमारे १५० काढून घेतं. म्हणजे ३ लिटरसाठी हृदयाने मिनिटाला २० लिटर रक्त ढकलायला हवं. तीन चतुर्थांश ऑक्सिजन आधीच काढून घेतलेला असल्याने स्नायूंकडे वाढीला जागा थोडी. निरोगी फुप्फुसंही समुद्रसपाटीवर सहसा आड येत नाहीत, धाप कितीही लागली तरी. बहुतेकांची वेस हृदयाशी असते: एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं, आणि त्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे. कमाल ठोके सरावाने वाढत नाहीत, दर ठोक्याला निघणारं रक्त मात्र वाढतं.

शर्यतीचा निकाल मात्र एवढ्यावर ठरत नाही. सारखाच व्हीओटू मॅक्स असलेल्या दोघांतला एक बराच पुढे जातो, कारण तो आपल्या कमाल आकड्याच्या ८५ टक्क्यांवर तासभर टिकतो आणि दुसरा ७५वरच थकतो. किंवा त्याच वेगाला पहिल्याला ऑक्सिजनच कमी लागतो. म्हणून आठवड्यातलं बरंचसं धावणं गप्पा मारता येतील अशा संथ वेगात ठेवा, आणि एक-दोनदा चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू अशी चार आवर्तनं करा.

सहा ते आठ आठवड्यांनी त्याच ट्रॅकवर, त्याच वेळेला, तशाच हवेत पुन्हा चाचणी घ्या. उन्हात घेतलेली चाचणी थंडीतल्या चाचणीशी ताडू नका. नियमित सराव, पुरेशी झोप असूनही अंतर घटत असेल आणि जिना चढतानाही धाप लागत असेल, तर सराव वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्या.