भंगारातल्या कानशीची सुरी

घरी सुरी करतोय म्हटलं की कुणीतरी ट्रॉलीच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा आणून देतं. पाट्याचं पोलाद चांगलंच असतं, पण तो जाड आणि वाकलेला. घण-ऐरण नसेल तर त्याच्या नादी लागू नका. पहिल्या सुरीसाठी दात झिजलेली दहा इंची चपटी कानस बरी. वाळूज किंवा लातूरच्या एमआयडीसीजवळच्या भंगारवाल्याकडे किलोवर मिळते.

घेताना पारख करा. ग्राइंडरला टेकवल्यावर सळईच्या ठिणग्या लांब सरळ रेघांसारख्या जातात, चांगल्या कानशीच्या मात्र फुलबाजीसारख्या फुटतात. हा कार्बनचा फरक. सळईत तो पाव टक्क्याच्या आसपास, कानशीत एक टक्क्याच्या पुढेमागे. माझी पहिली सुरी सळईची होती. दिसायला झकास, पण दोन कांद्यांत बोथट. काही स्वस्त कानशी फक्त वरून कडक असतात, म्हणून कडेला थोडं खोल घासून तिथल्याही ठिणग्या बघा.

आता कानस मऊ करायची. अंगणातल्या चुलीत बाभळीचा कोळसा पेटवा. तुराट्या-पऱ्हाट्या भसकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, त्यांचं इथं काम नाही. लोखंडी नळीला केस वाळवायचा ड्रायर जोडला की भाता तयार. कानस लाल झाली की सांडशीनं धरून चुंबक लावून बघा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला सोडतं. त्याहून जरा जास्त तापवून कोरड्या राखेच्या डब्यात गाडा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी दुसरी कानस तिला खाऊ लागली की जमलं.

पुठ्ठ्यावर आकार काढून तसा कापा. पातं पाच-सहा इंच, बाकी मुठीसाठी. कानशीचे दात पूर्ण घासून काढा. एक जरी चीर राहिली तरी पुढं तडा तिथूनच जातो. धारेकडे एक मिलिमीटर जाडी ठेवा, नाहीतर पातं मुरडतं. रिव्हेटची दोन भोकंही आत्ताच पाडा, पातं कडक झाल्यावर ड्रिल नुसतं घसरतं. हे काम दोन-तीन संध्याकाळी खातं. चष्मा आणि सुती कपडे हवेतच, आणि ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही.

मग पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं झटकन गार करून कडक करायचं. म्हणायला पाणी, द्यायचं मात्र तेलात. मी एकदा हौसेनं बादलीत बुडवली. बारीकसा 'टिक्' आवाज आला आणि धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी रेघ गेली. तीन दिवसांची मेहनत भंगारात. उभ्या लोखंडी डब्यात तीन-चार लिटर करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल घ्या, बोटाला जेमतेम सोसेल इतकं कोमट करा. गाडीचं जळकं ऑइल नको, त्याचा धूर वाईट. जवळ झाकण आणि वाळू ठेवा, कारण तेल पेट घेतं. पातं सगळीकडे सारखं लाल झालं, चुंबकाला चिकटेनासं झालं, की आणखी थोडं तापवा आणि टोकाकडून सरळ आत घाला. वर-खाली हलवा, आडवं नको. गार झाल्यावर धारेवर कानस फिरवा. काचेवरून फिरावी तशी घसरली पाहिजे.

इथंच बरेच जण खूश होऊन मूठ बसवायला घेतात. पण या अवस्थेतलं पातं हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतात. त्याच दिवशी ते पॉलिश पेपरनं चकचकीत करा आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा. गार करून पुन्हा तासभर. रंग ज्वारीच्या कडब्यासारखा फिका पिवळा यायला हवा. निळा चढला तर धार मऊ पडली समजा, पुन्हा पाणी द्या. आता ग्राइंडरवर घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवा, तो निळा रंग तिथंही येतो.

मुठीला बाभळीच्या दोन फळ्या, पितळी सळीचे रिव्हेट आणि ॲरल्डाइट. वाळल्यावर जवसाचं तेल दोन-तीन हात चोळा. धार शेवटी, दगडावर, आधी खरखरीत मग गुळगुळीत.

कैरी, लिंबू, कांदा चिरला की पातं काळं पडेल. आजीच्या विळीचंही पडायचं, त्यात बिघडलेलं काही नाही. फक्त ओली ठेवू नका. धुतली की पुसा आणि तेलाचं बोट फिरवा.