जहाजाच्या धक्क्यावर हमालाला किती द्यायचे, कधी द्यायचे

मोंढ्यात माल नेणाऱ्याला हमाली समजावून सांगावी लागत नाही. पोत्यामागे दर ठरलेला, पट्टीत तो वेगळा लिहिलेला, तोलाई निराळी, गाडीत भराई निराळी. क्रूझच्या, म्हणजे जहाजाच्या सहलीच्या, धक्क्यावरही हाच हिशोब डोक्यात ठेवा. पैसे बॅगेमागे, माणशी नाही, आणि जेवढे हात बॅगेला लागतील तेवढ्यांचे वेगवेगळे.

मराठवाड्यातून क्रूझला निघणारे साधारण दोन प्रकारचे. काही जण मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जातात. दुसरे म्हणजे पोरगा किंवा पोरगी अमेरिकेत असलेले आईवडील. त्यांना मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनाव्हरल नाहीतर टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनहून जहाजात बसवतात. दोघांचीही सुरुवात मात्र नांदेड, परभणी, लातूर किंवा संभाजीनगरच्या फलाटावरच होते, म्हणून आधी तिथलं बघू.

फलाटावर द्यायची ती मजुरी

लाल सदरा आणि दंडावर नंबरचा पितळी बिल्ला असलेल्या हमालाला रेल्वे पगार देत नाही. त्याच्याकडे परवाना असतो आणि त्याचं पोट ओझ्यावर चालतं. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पापासून कागदोपत्री त्याला ‘सहायक’ म्हणतात. दर रेल्वेनं ठरवलेला असतो आणि स्टेशनात फलकावर लिहिलेला असतो. तो स्टेशनागणिक बदलतो, म्हणून नांदेडचा दर मुंबईला सांगून वाद घालू नका. तिथला फलक वाचा.

ओझं उचलण्याआधी बोलून घ्या. “मामा, देवगिरी एक्सप्रेसचा एस-४ डबा, तीन बॅगा, जिना चढून पलीकडच्या फलाटावर जायचंय, किती घ्याल?” एवढ्या एका वाक्यात गाडी, डबा, नग आणि जिना असं सगळं आलं पाहिजे. भांडणं होतात ती यातलं एखादं न सांगितल्यामुळे. जिना आहे हे नंतर कळलं किंवा गाडी तासभर लेट झाली, तर हमाल जास्त मागणारच आणि त्यात त्याचं चूक नाही. थांबून राहण्याचे पैसे वेगळे असतात. बिल्ल्याचा नंबर मोबाइलवर लिहून ठेवा. गर्दीत चुकामूक झाली तर तोच कामी येतो.

ठरलेली मजुरी द्या, वर खुशीनं वीस-पन्नास द्या. मजुरीत घासाघीस करायची आणि शेवटी बक्षिसी म्हणून दहा रुपये टेकवायचे, हा हिशोब बरोबर नाही. मजुरी त्याच्या हक्काची असते. बक्षिसी आपल्या मनाची.

धक्क्यावर उलटं असतं

अमेरिकेतल्या टर्मिनलच्या दारात ट्रॉली घेऊन उभा असलेला माणूस जहाजाचा नोकर नसतो. तो बंदरावरचा कामगार, बऱ्याच ठिकाणी गोदी कामगारांच्या युनियनचा सभासद, आणि त्याला तासावर पगार मिळतो. त्यामुळे त्याला देतो ती मजुरी नव्हे, बक्षिसीच. ती सक्तीची नसते, पण तिथली रीत पक्की आहे.

आपल्या लोकांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. बुकिंग करताना ‘ग्रॅच्युइटी (म्हणजे बक्षिसी) भरली’ असं दिसतं आणि वाटतं की सगळ्यांचं झालं. तो पैसा जहाजावरच्या लोकांचा, म्हणजे खोली साफ करणारा, जेवण वाढणारा यांचा. त्यातला एक सेंटही धक्क्यावरच्या हमालाला मिळत नाही.

दर सांगायचा तर बॅगेमागे १ ते २ डॉलर ही प्रथा. आमचं मत, २ डॉलर धरूनच चला. महागाई बघता एक डॉलर आता फार थोडा होतो. बॅग २३ किलोच्या पुढे असेल, व्हीलचेअर सोबत असेल किंवा तो तुमच्याबरोबर लांबवर चालत आला असेल, तर बॅगेमागे ३ ते ५. एखादीच छोटी बॅग असली तरी दोन डॉलरच्या खाली जाऊ नका.

दोघं जण आणि चार बॅगा असा हिशोब मांडू. हॉटेलात बॅगा खोलीतून खाली आणणाऱ्याला ८, हॉटेल ते बंदर शटलच्या ड्रायव्हरनं बॅगा उचलल्या तर ४, धक्क्यावर हमालाला ८, परतीला उतरल्यावर पुन्हा हमालाला ८, विमानतळाच्या शटलला ४. झाले ३२. चाळीस डॉलर सुट्टे जवळ ठेवले की कुठे अडत नाही.

सुट्टे इथूनच न्या

फॉरेक्सवाला सहसा शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा देतो. दोन-चार दिवस आधी सांगून एकच्या वीस-पंचवीस आणि पाचच्या चार-पाच नोटा मागून ठेवा. संभाजीनगर किंवा नांदेडला नाहीच मिळाल्या तर अमेरिकेत उतरल्यावर मुलाला सांगा, बँकेच्या खिडकीवर वीसची मोड लगेच मिळते. विमानतळावर पाण्याची बाटली घेऊन वीसची नोट मोडणं हा शेवटचा उपाय. धक्क्यावर हमालाकडे “मोड आहे का” असं विचारायची वेळ आणू नका. मागे गाड्यांची रांग लागलेली असते, पोलीस गाडी पुढे काढायला सांगत असतो, आणि अशा घाईत माणूस एकतर वीसची नोट देऊन बसतो नाहीतर काहीच न देता निघतो.

परतीचे सुट्टे वेगळ्या पाकिटात ठेवा. जहाजावर सगळा खर्च कार्डावर होत असल्यानं आठवडाभर रोख लागत नाही आणि उतरायच्या दिवशी खिसा रिकामा सापडतो. जहाजावरच्या ग्राहक सेवेच्या खिडकीवर मोड मिळते, पण शेवटच्या रात्री तिथे बिलांच्या तक्रारींची लांब रांग असते. आदल्या दिवशी दुपारी जाऊन या.

आठवण म्हणून रुपयाची नोट किंवा आपली नाणी देऊ नका. देणाऱ्याला कौतुक वाटतं, पण घेणाऱ्याला ती तिथे कुठेच चालवता येत नाहीत.

बॅग: हमालाचं आणि तुमचं काम सोपं करणारी

क्रूझ कंपनी मेलवर बॅगेचे टॅग पाठवते. त्यावर नाव, जहाज, तारीख आणि खोलीचा नंबर असतो. बॅग तुमच्या खोलीपर्यंत जाते ती या कागदाच्या जोरावर, बक्षिसीच्या नव्हे. पैसे नाही दिले तर बॅग मागे ठेवतील अशी भीती बऱ्याच जणांना असते. तसं होत नाही. टॅग फाटला तर मात्र बॅग खरंच मागे राहते.

म्हणून टॅग रंगीत छापा, खुणेवर घडी घाला, हँडलमधून ओवा आणि वर रुंद पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळून तीन-चार स्टेपल मारा. नुसत्या कागदावर नुसतं स्टेपल मारलं की दोन-तीनदा उचलताना तो फाटतो. प्रवासातले विमानाचे जुने टॅग आणि बारकोडचे छोटे स्टिकर काढून टाका. बॅगेच्या आत वरच एका चिठ्ठीवर नाव, मोबाइल, जहाज आणि खोली लिहून ठेवा. बाहेरचा टॅग गेला तर तीच चिठ्ठी बॅग परत मिळवून देते.

बॅगेला सुतळी किंवा नाडा बांधायची आपली सवय इथे नडते. लोंबणारी गाठ पट्ट्याच्या यंत्रात अडकते. गाठोडी, कापडी पिशव्या आणि तोंड शिवलेली पोती हमालाच्या ट्रॉलीत धड बसत नाहीत आणि वरच्या बॅगांखाली चेपतात. चाकांची बॅग घ्या आणि वजन २३ किलोच्या आत ठेवा. ती विमानालाही चालते आणि उचलणाऱ्याच्या कमरेलाही.

हमालाच्या हाती दिलेली बॅग खोलीसमोर यायला कधीकधी संध्याकाळ होते. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, बीपी-शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, दागिने, रोख आणि मोबाइलचं चार्जर खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. यातलं काहीही टॅगच्या बॅगेत गेलं तर ते मधल्या वेळेत कुणालाच शोधून देता येत नाही.

आणखी एक. सकाळच्या चहासाठी इलेक्ट्रिक किटली आणि कपड्यांसाठी इस्त्री नेऊ नका. जहाजावर आगीचा धोका म्हणून दोन्हींवर बंदी असते. क्ष-किरण तपासणीत दिसलं की बॅग सुरक्षा खात्याकडे अडकते आणि तुम्हाला खाली जाऊन सोडवून आणावी लागते. बॅग आली नाही म्हणून लोक हमालावर संशय घेतात, आणि बॅगेत निघते किटली. घरचं शिजवलेलं अन्न आणि ताजी फळं बहुतेक कंपन्यांना चालत नाहीत. शेंगदाण्याची चटणी न्यायचीच असेल तर कारखान्याच्या बंद पाकिटातली न्या. धपाटे प्रवासातच संपवा.

प्रत्यक्ष धक्क्यावर

गाडी थांबण्याआधीच हव्या तेवढ्या नोटा मोजून, घडी करून वरच्या खिशात ठेवा. तिथे पाकीट उघडायचं नाही. हमाल पुढे येतो, टॅग बघतो. तुम्ही नग मोठ्यानं मोजा: वन, टू, थ्री, फोर. सगळे टॅग त्याला दिसतील असे वळवा. बॅगा ट्रॉलीवर किंवा सामानाच्या जाळीच्या पिंजऱ्यात चढल्याचं डोळ्यांनी बघा, मग नोटा त्याच्या हातात द्या आणि त्याच्याकडे बघून “थँक यू” म्हणा. ट्रॉलीवर टाकायच्या नाहीत, मुलाच्या हाती पाठवायच्या नाहीत. ज्यानं बॅग उचलली त्यालाच द्या. शेजारी यादी घेऊन उभा असलेला मुकादम असतो, त्याला नव्हे.

कुणी अडवून जास्त मागितलं, तर दिलेत तेवढेच ठेवा आणि शांतपणे पुढे चला. हुज्जत वाढवू नका. गणवेश किंवा ओळखपत्र नसलेल्याच्या हातात मात्र बॅग अजिबात देऊ नका.

उतरताना

शेवटच्या रात्री रंगीत किंवा नंबरचा टॅग लावून बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, बहुधा दहा ते बाराच्या दरम्यान. तेव्हा सकाळचे कपडे, चपला आणि दातांचा ब्रश बाहेर काढून ठेवा. सगळं भरून बसलेली मंडळी सकाळी रात्रीच्याच कपड्यांत नाश्त्याला येतात.

खाली मोठ्या दालनात बॅगा नंबराप्रमाणे ओळीत मांडलेल्या असतात. इथे हमाल लावायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. गुडघे दुखत असतील तर जरूर लावा. तो बॅगा शोधायला मदत करतो, कस्टममधून तुमच्याबरोबर येतो आणि गाडीपर्यंत पोचवतो. हे चढतानाच्या कामापेक्षा जास्त आहे, म्हणून बॅगेमागे २-३ किंवा भरलेल्या ट्रॉलीला १० डॉलर द्या, आणि बॅगा गाडीत चढल्यावर द्या. स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत उतरायचीही सोय असते. तेव्हा कुणाला काही द्यायचं नसतं.

देश बदलला की रीत बदलते. जपानमध्ये बक्षिसी देऊच नका, घेणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. सिंगापूरलाही तशी प्रथा नाही. युरोपच्या बंदरांत बॅगेमागे एक युरो दिला तरी पुरे.

मुंबईचा धक्का

बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल सीएसएमटीपासून जेमतेम दीड किलोमीटर. बॅगा असतील तर टॅक्सी करा आणि सामानाचे पैसे बसण्याआधी विचारा. देवगिरीनं सकाळी उतरलात तर जहाजात चढायला वेळ असतो. सामान क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. छोटी कुलपं घरूनच न्या. दिवसाच्या गाडीनं त्याच दिवशी जहाज गाठायच्या भानगडीत पडू नका. मनमाड-इगतपुरीकडे गाडी रखडली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. त्या गाडीनं यायचं तर एक दिवस आधी पोचा.

मुंबईच्या धक्क्यावर सामान उचलणाऱ्याला बॅगेमागे पन्नास रुपये आणि जड बॅगेला शंभर हे आमच्या मते रास्त. फोनवरून पाठवता येतात, पण त्या गर्दीत नेटवर्क आणि वेळ दोन्ही कमी पडतात. पन्नासच्या दहा नोटा घरूनच घेऊन निघा. त्यातल्या चार परतीसाठी राखून ठेवा, कारण रात्रीची देवगिरी पकडताना सीएसएमटीला डबा बऱ्याचदा फलाटाच्या पार टोकाला असतो आणि आठवडाभराच्या प्रवासानंतर तेवढं अंतर बॅगा ओढत जाणं होत नाही.