बंद गाडी गावाहून पुण्यात आणताना

टोइंगवाल्याला ‘किती घेणार?’ विचारण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे हवं: गाडीची किती चाकं फिरतात? कुठलं वाहन बोलवायचं, किती वेळ मोडणार, भाडं किती होणार, सगळं त्यावर ठरतं. वाईला मामांच्या वाड्यात उभी असलेली जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी मी कर्वेनगरला आणली ती हाच प्रश्न आधी सोडवून. घरात सगळे तिला फियाटच म्हणतात, मीही तेच म्हणते.

अमेरिकेतला मावसभाऊ म्हणाला, ट्रेलर भाड्याने घे आणि स्वतःच ओढून आण. तिकडे यू-हॉलसारख्या कंपन्या अख्खी गाडी चढवायचा ट्रेलर आणि नुसती पुढची चाकं वर घेणारी टो डॉली, दोन्ही भाड्याने देतात. आपल्याकडे मात्र भाड्याने मिळतो तो ड्रायव्हरसकट ट्रक. घाटाच्या रस्त्याला मला तेच बरं वाटतं.

त्यातही दोन प्रकार आहेत. पहिला दोन चाकं उचलून उरलेली दोन रस्त्यावरून ओढत नेतो, दुसरा फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा. वारज्याहून स्वारगेटपर्यंत जायचं असेल तर पहिला चालतो, पण कुठली चाकं उचलायची ते नीट सांगा. मारुती 800, अल्टो, स्विफ्ट यांची पुढची चाकं गाडी ओढतात, म्हणून पुढची उचलायची आणि हँडब्रेक सोडायचा. फियाट, अँबेसिडर, ओम्नी, बोलेरो मागच्या चाकांवर चालतात. त्या पुढून उचलून लांब ओढल्या तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्स मागच्या चाकांना जोडणारा दांडा, गिअरबॉक्सला फिरवत राहतो. ऑटोमॅटिक गाडीचं तर इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्समधला ऑइल पंपही बंद, आतले भाग कोरडे घासतात. ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राईव्ह किंवा लांबचा पल्ला असेल, तर फ्लॅटबेडच घ्या.

‘दोरी लावून आणू की’ असं म्हणणारं कुणीतरी भेटतंच. त्यांचं ऐकू नका. दोरीने ओढायची मुभा बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरती आहे. तेव्हाही दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचा ब्रेक लागेल याचा काय भरवसा?

आता चाकं. ट्रक येण्याच्या आदल्या दिवशी गाडीपाशी जा, ट्रक दारात उभा असताना हे काम होत नाही. पंक्चरवाल्याकडून हवा भरून घ्या आणि रात्रभर टिकते का बघा. मग गाडी न्यूट्रलला टाकून ढकला. बहुतेक वेळा मागची चाकं अडतात, कारण हँडब्रेक ओढून ठेवलेला असतो आणि ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमला आतून चिकटतात. पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी, म्हणजे चाक सरकू नये म्हणून दगड, लावा, हँडब्रेक सोडा, मागचं चाक जॅकवर घ्या, चाक काढा आणि ड्रमच्या कडेला लाकडी हातोडीने गोल फिरत हलके ठोके द्या. लोखंडी हातोडीचा जोरदार घाव नको, जुने ड्रम तडकतात. माझ्या फियाटचं डावं चाक थोड्याच वेळात सुटलं. उजव्याला हँडब्रेकची केबलच गंजून अडकली होती. ती मागच्या टोकाला मोकळी केली, तेव्हा ड्रम हाताने फिरला. एवढं करूनही चाक हललं नाही, तर टोइंगवाल्याला फोनवरच सांगा, म्हणजे तो चाकाखाली घालायच्या छोट्या डॉली घेऊन येईल.

किल्ली शोधून ठेवा. स्टीअरिंगला लॉक असेल तर ती नसताना गाडी रॅम्पवर सरळ चढत नाही. बॅटरी असल्यास तिची वायर काढा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून घ्या.

फोनवर गाडीचं मॉडेल, फिरणारी चाकं, गल्लीची रुंदी आणि वरून लोंबणाऱ्या वायरी एवढं सांगा. मग भाडं विचारा: रिकाम्या फेरीसकट आहे का, टोल कोणाचा, थांबायचे पैसे किती? साताऱ्याकडे गाडी पोचवून रिकामा परतणारा पुण्याचा फ्लॅटबेड मिळाला, तर भाडं बरंच उतरतं. त्यासाठी एक-दोन दिवस थांबावं लागलं तरी थांबा. आरसीची प्रत जवळ ठेवा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं सहीचं पत्रही घ्या.

चढवताना विंचचा, म्हणजे गाडी वर ओढून घेणाऱ्या ट्रकवरच्या चरखीचा, हुक गाडीच्या टो हुकला किंवा चेसीच्या (खालच्या सांगाड्याच्या) मजबूत भागाला लागला पाहिजे. बंपरला नको, स्टीअरिंगच्या रॉडला तर मुळीच नको. आणि पट्टे चाकांवरून बांधायला सांगा. बॉडीला बांधलं की खड्ड्यात स्प्रिंग दबते, पट्टा सैल पडतो, पुढच्या खड्ड्यात हिसका बसतो. चाकांना बांधलं तर बॉडी वरखाली होते, पण गाडी जागची हलत नाही. चारही चाकांना वेगळा पट्टा, गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना उटी. ड्रायव्हर म्हणाला, ‘ताई, दोन पट्ट्यांत जाते की.’ मी म्हटलं, ‘दादा, चार लावा, मी थांबते.’ त्याने लावले. बॉनेट आणि डिकीही दोरीने बांधा आणि सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा.

पट्टे पहिल्या काही किलोमीटरमध्येच बसतात, म्हणजे ढिले होतात. म्हणून सुरूर फाट्याला, हायवेला लागायच्या आधी, थांबून परत आवळून घेतले. पुण्याकडे येताना खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावर लगेच वळणं आहेत, तिथे सैल पट्टा परवडत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा उतारही तसाच. खेड शिवापूरच्या टोलजवळ ड्रायव्हरला पुन्हा एकदा हात लावून बघायला सांगा.

शहरात शिरायची वेळ ड्रायव्हरलाच विचारून ठरवा, कारण मोठ्या गाड्यांना पुण्यात वेळेची बंधनं आहेत. उतरवायला ट्रकच्या मागे आणखी एका गाडीएवढी सपाट, मोकळी जागा लागते. आमच्या गल्लीत ती नव्हती, म्हणून फियाट कोपऱ्यावर उतरवली आणि सोसायटीतल्या चौघांनी ढकलत आत आणली. माझ्या एका हातात स्टीअरिंग आणि दुसऱ्यात उटीचा दगड होता. उरलेले पैसे गाडीभोवती फिरून, व्हिडिओशी ताडून झाल्यावरच द्या आणि पावती घ्या.