गिअरबॉक्स उतरवण्याआधी: जुन्या ऑटोमॅटिक फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत या चुका टाळा

जुन्या ऑटोमॅटिक फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत गिअर उशिरा पडू लागला, किंवा इंजिनाचा आवाज चढूनही गाडी उचलत नाही असे दिसले, की ‘गिअरबॉक्स गेला’ असे ठरवून तो उतरवला जातो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच, कारण या तक्रारींचे मूळ पुष्कळदा गिअरबॉक्सच्या बाहेर सापडते.

ऑइलची पातळी इंजिन बंद ठेवून पाहणे ही दुसरी चूक. इंजिन थांबल्यावर टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग) ऑइल हळूहळू खालच्या पॅनमध्ये उतरते, त्यामुळे डिपस्टिक प्रत्यक्षापेक्षा जास्त पातळी दाखवते आणि कमतरता झाकली जाते. बहुतेक गाड्यांत ऑइल पूर्ण गरम झाल्यावर, सपाट जमिनीवर, ब्रेक दाबून सिलेक्टर सर्व स्थानांतून फिरवावा आणि इंजिन चालू ठेवून पार्कमध्ये पातळी पाहावी. काही गाड्यांत ती न्यूट्रलमध्ये पाहतात, म्हणून त्या मॉडेलची पुस्तिका आधी वाचावी. डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टिपून घ्यावा. लालसर, पारदर्शक डाग उत्तम. काळपट तपकिरी रंग आणि जळका वास म्हणजे गिअरबॉक्सच्या आतील क्लच प्लेटा जळत आहेत. दुधाळ गुलाबी फेस दिसला तर रेडिएटरमधील कूलरमधून कूलंट ऑइलमध्ये शिरले आहे आणि गाडी त्याच क्षणी थांबवली पाहिजे, कारण पाण्याने प्लेटांवरचे अस्तर सुटू लागते.

जमिनीवर थेंबही न सांडता ऑइल कमी होत असेल, तर नुसती भर घालत राहू नये. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या व मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) यांमधील सील झिजले, की ऑइल गुपचूप ट्रान्सफर केसमध्ये जाते. त्याचा भरणी-प्लग सैल करताच ऑइल वाहू लागले, तर संशय खरा. ज्या गिअरबॉक्सला व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या व्हॅक्यूमनुसार आतील दाब ठरवणारा भाग) असतो, त्यात त्याचा पडदा फाटल्यास इंजिनच ते ऑइल ओढते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो.

पुष्कळ जुन्या गिअरबॉक्समध्ये ॲक्सिलरेटरशी जोडलेली केबल आतील दाब ठरवते. ती सैल राहिली तर दाब अपुरा पडतो, प्लेटा घसरतात आणि चांगला गिअरबॉक्स खरोखरच जळतो, म्हणून तिचे माप पुस्तिकेनुसार जुळवावे.

गाडी पुढेही जात नाही, मागेही जात नाही आणि पार्कमध्येही घरंगळते, अशा वेळी आधी ट्रान्सफर केसचा दांडा पाहावा. तो अर्धवट न्यूट्रलमध्ये अडकलेला असू शकतो. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये (गरजेपुरती चारही चाके जोडण्याची पद्धत) कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते, तोही गिअरबॉक्सचा दोष नव्हे.

वेगात एकसारखी थरथर जाणवली तर ब्रेकला हलका स्पर्श करून पाहावा, म्हणजे बऱ्याच गाड्यांत कन्व्हर्टरचे लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जखडणारी जोडणी) सुटते. थरथर थांबली तरी कन्व्हर्टर लगेच दोषी धरू नये. इंजिनातील मिसफायरही (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) लॉकअप सुटल्यावर झाकला जातो, म्हणून स्पार्क प्लग आधी तपासावेत.

शेवटी पॅन उघडावा. चुंबकावरचा बारीक करडा लगदा नेहमीच्या झिजेचा असतो. धातूच्या कपच्या निघाल्या, तर मात्र गिअरबॉक्स खोलण्याची वेळ आली आहे.