ऑटोरोटेशनचा सराव : १०० फुटांवरचा निर्णय

इंजिन बंद पडले तरी हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळत नाही. खाली येताना पात्यांमधून वर जाणारी हवा रोटर फिरता ठेवते आणि त्यात साठलेल्या ऊर्जेवर यंत्र अलगद टेकवता येते. या ऑटोरोटेशनचा सराव अत्यावश्यक आहे, पण त्या सरावातच अनेक हेलिकॉप्टर मोडली आहेत, कारण उतरण बिघडल्याचे दिसत असूनही ती जमिनीपर्यंत रेटली जाते.

उड्डाणापूर्वीच प्रशिक्षकाने स्पष्ट करावे की सराव पॉवर रिकव्हरीने (जमिनीवर न टेकता इंजिनची शक्ती पुन्हा रोटरला जोडून) संपवायचा आहे की प्रत्यक्ष जमिनीवर टेकून, आणि कोणते शब्द उच्चारताच नियंत्रण प्रशिक्षकाकडे जाईल. पूर्वसूचना न देता थ्रॉटल, म्हणजे इंजिनची शक्ती नियंत्रित करणारी मूठ, बंद करू नये. रॉबिन्सन आर२२ सारख्या हलक्या रोटरच्या यंत्रात कलेक्टिव्ह (सर्व पात्यांचा कोन एकत्र बदलणारा दांडा) खाली नेण्यास एक-दोन सेकंदांचा उशीर झाला तरी रोटरचे फेरे इतके घटू शकतात की पाती स्टॉल होतात, म्हणजे उचल गमावतात, आणि त्यानंतर सावरणे अशक्य होते. रॉबिन्सन कंपनीच्या सुरक्षा सूचनांमध्येही असे अचानक थ्रॉटल बंद करण्याविरुद्ध इशारा आहे.

सर्वांत महत्त्वाचा टप्पा जमिनीपासून १०० फुटांचा. खाली येण्याचा दर मिनिटाला १,५०० फूट असेल, तर तो सेकंदाला २५ फूट होतो. त्या वेगाने जमीन केवळ चार सेकंदांवर असते. म्हणून त्या उंचीच्या आधीच प्रशिक्षकाने फेरे, वेग आणि उतरण्याचा दर मोठ्याने उच्चारून तपासावेत. रॉबिन्सनच्या सूचनेनुसार रोटरचे फेरे मापकावरील हिरव्या (सुरक्षित) पट्ट्याच्या मध्यावर, वेग ६० ते ७० नॉटदरम्यान स्थिर, उतरण्याचा दर सहसा मिनिटाला १,५०० फुटांपेक्षा कमी आणि वळण पूर्ण झालेले असावे. यांपैकी एक जरी गोष्ट जुळत नसेल, तर त्याच क्षणी पॉवर रिकव्हरी करावी. घनता-उंची (हवेच्या विरळपणानुसार ठरणारी उंची) ४,००० फुटांहून अधिक असल्यास हा निर्णय २०० फुटांवर किंवा त्याहून वर घ्यावा.

‘आता सावरेल’ या आशेने प्रशिक्षक थांबतो तेव्हाच वेळ हातची जाते, असे मला ठामपणे वाटते. शिकणाऱ्याचा आत्मविश्वास दुखावेल म्हणून हात मागे ठेवणे हा चुकीचा दयाळूपणा आहे. पॉवर रिकव्हरीतही घाई नको: आधी थ्रॉटलने इंजिनचे फेरे रोटरशी जुळवावेत, मगच कलेक्टिव्ह उचलावा आणि पेडलने नाक सरळ ठेवावे. त्यानंतर पुरेशी उंची गाठून कोणती अट निसटली हे शिकणाऱ्याकडूनच वदवून घ्यावे, आणि मगच पुढचा प्रयत्न सुरू करावा.